संगणकाचा पंखा : सोबत आलेला की वेगळा घेतलेला?

भारतातून काही महिन्यांसाठी इकडे आलेल्या आजी-आजोबांच्या गोष्टी, ओव्या आणि गावाकडच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, असे मंडळात ठरले तेव्हा ते काम आम्ही दोघांनी अंगावर घेतले. कारण साधे होते. वेरिबीच्या आमच्या घरात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तिथे गालिचा आहे, जाड पडदे आहेत आणि संगणकही तिथेच आहे. पुढे मुलांच्या मराठी शाळेला हे सारे उपयोगी पडावे, हा हेतू. अडचण एकच निघाली, ती म्हणजे संगणकाचा पंखा.

पहिली मुद्रणे ऐकली तर प्रत्येक वाक्याखाली एक बारीक घरघर. सुरुवात आमच्या घरच्याच आईंपासून केली होती. त्यांचा आवाज मुळात मऊ. ओवीचे शेवटचे अक्षर त्या जवळजवळ श्वासातच सोडतात, आणि नेमके तेच अक्षर पंखा गिळत होता. त्यांचे परतीचे तिकीट मार्चचे. एवढा प्रवास पुन्हा झेपेल की नाही, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. तेव्हा जे करायचे ते मार्चच्या आत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामापुढे आमचे काम म्हणजे चिमूटभर. पण जात्याची घरघर ओवीला साथ देते, पंख्याची घरघर तिला नुसती झाकते. म्हणून प्रश्न पडला, प्रोसेसरबरोबर फुकट मिळालेला कूलर ठेवावा, की वेगळा विकत घ्यावा?

कूलर म्हटले की नागपूरकडच्या मंडळींना वाळ्याच्या ताट्या आठवतील. तो कूलर पाण्याचे बाष्पीभवन करून हवा गार करतो. संगणकातला कूलर तसे काही करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीतल्या हवेत नेऊन सोडतो, इतकेच. प्रोसेसर ६५ वॅट वीज घेत असेल, तर जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन खोलीत येते. कूलर कितीही महाग घेतला तरी ती तेवढीच येणार. त्यामुळे 'नवा कूलर बसवला की खोली कमी तापेल' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

याचीच दुसरी बाजू अशी की पंख्याचा वेग तोच ठेवला, तर खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी तापतो. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान नोंदले गेले होते. तसा दिवस रोज येत नाही, पण उत्तरेचे कोरडे वारे सुटले की आपल्या भागात चाळिशी गाठणे काही नवे नाही. त्यात मुद्रण करायचे म्हणजे आवाज नको म्हणून एअरकंडिशनर बंद! खोली तापते, प्रोसेसर तापतो, पंखा जोरात फिरतो आणि आईंचा आवाज आणखी बुडतो.

मग सोबत आलेला कूलर वाईट का? मुळीच नाही. बनवणाऱ्यांनी तो प्रोसेसर सुरक्षित राहावा एवढ्यासाठी दिलेला असतो, आणि ते काम तो चोख करतो. शिवाय आजचे प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आपणहून वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. म्हणजे भीतीपोटी वेगळा कूलर घ्यायचे कारण नाही. प्रश्न आहे तो फक्त शांततेचा. लहानशा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून पुरेशी हवा न्यायची तर लहान पंख्याला पळावे लागते, आणि पळणारा पंखा बोलतो.

वेगळ्या घेतलेल्या उभ्या कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. आमच्यासारख्या रसायनशास्त्रवाल्यांना त्या पाहून प्रयोगशाळेतला रिफ्लक्स आठवतो. नळीत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वर पातळ पट्ट्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून खाली झिरपते. ना पंप, ना मोटार. उष्णता अशी मोठ्या पृष्ठभागावर पसरली की १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरला तरी भागते. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. सारी गंमत या सावकाशीत आहे.

तरी खिशात हात घालण्याआधी आम्ही बिनखर्चाचे उपाय केले, आणि तोच क्रम सर्वांना सुचवतो.

पहिला उपाय मायक्रोफोनचा. तो बोलणाऱ्यापासून एक मीटरवर होता, तो पाव मीटरवर आणला. अंतर निम्मे झाले की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे इथे बारा डेसिबल फुकट मिळाले. दुसरा उपाय, कॅबिनेट गालिच्यावरून उचलून पाटावर ठेवणे आणि पट्ट्यांतली धूळ मऊ ब्रशने काढणे. अर्थात संगणक बंद करून आणि वायर काढून. तिसरा, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे हळूहळू वाढेल असे करणे. नाहीतर तो क्षणात चढतो, क्षणात उतरतो, आणि ही चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त टोचते.

एवढ्याने बहुतेक घरांचे काम भागेल. शाळेचा अभ्यास, बँकेची कामे आणि रात्री भारतात बोलणे एवढाच वापर असेल, तर पुढे जाऊ नका. पैसे वाचवा.

आमचे मात्र पूर्ण भागले नाही. गरम दुपारी पंखा मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या पुढे जायचा. शेवटी मध्यम किमतीचा एक उभा कूलर घेतला. चौघांनी बाहेर जेवायला जावे, तेवढाच खर्च. घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या सॉकेटला बसणारे क्लँप त्यासोबत आहेत का, आणि त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का. उदाहरणार्थ, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा प्रसिद्ध एनएच-यू१२एस हा कूलर १५८ मिलिमीटर उंच आहे. अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर लागणार नाही. जुना कूलर काढताना पेस्ट चिकटलेली असते. संगणक थोडा वेळ चालवून, मग बंद करून, कूलर हलका पिळत काढावा. सरळ ओढला तर काही सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून येतो. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. तिचे काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवणे. जाड थापली म्हणजे जास्त गुण येतो असे नाही.

जुना कूलर पेटीत जपून ठेवा, पुढे प्रोसेसर विकताना किंवा वॉरंटीसाठी लागू शकतो. टाकायचाच असेल तर घरच्या कचऱ्याच्या डब्यात नको. १ जुलै २०१९ पासून व्हिक्टोरियात इलेक्ट्रॉनिक कचरा पुरण्यास बंदी आहे. नगरपालिकेच्या केंद्रावर नेऊन द्यावा.

आता पंखा सातशे फेऱ्यांच्या आसपास असतो. रविवारी शेजाऱ्यांचे गवत कापण्याचे यंत्र आणि पॉइंट कुकवरून उडणारी लहान विमाने आमच्या हाती नाहीत, म्हणून मुद्रण आठवड्यातल्या संध्याकाळी करतो. आईंच्या अठ्ठावीस ओव्या झाल्या आहेत. त्यांपैकी पाच त्यांना आईकडून आणि बाकीच्या आजीकडून आलेल्या. शेवटची अक्षरे ऐकू येतात. एका ओवीनंतर त्या थांबून "हे माझ्या माहेरचं" असे पुटपुटतात, ते आम्हाला समोर बसूनही कधी कळले नव्हते.

ज्यांच्या घरी सध्या आजी-आजोबा आले आहेत, त्यांनी पुढच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर भेटावे. खोली तयार आहे. फक्त त्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख आधी सांगा, म्हणजे क्रम त्याप्रमाणे लावता येईल.