पोर्ट १४३३
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे जे कारखाने मी आतून पाहिले, तिथं सगळा कारभार ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर चालतो. त्यावर विंडोज, विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर, आणि त्यात सूत किती आलं, कुठल्या मागावर कुठलं डिझाइन चढलं, कुणाच्या पाळीत किती डझन माल उतरला, त्याची मजुरी किती झाली, हे सगळं. माझं काम वेबसाइटचं. माझा सर्व्हर लिनक्सवर, प्रोग्रॅम पीएचपीत, आणि मशीन शहराबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये.

एका मालकांनी मला बोलावून सांगितलं, की आमच्या विणकरांना आपला माल आणि मजुरी रोजच्या रोज मोबाइलवर दिसली पाहिजे. मजुरी पीसवर असते. हिशेबाच्या दिवशी डझनांवरून वाद होतात, आणि त्या वादात विणकराच्या हातात दाखवायला कागद नसतो. काम ऐकताक्षणी मला पटलं. माहिती तयार होतीच, ती फक्त एका मशीनमधून दुसऱ्या मशीनपर्यंत न्यायची होती.

एसक्यूएल सर्व्हर बोलतो टीडीएस नावाच्या प्रोटोकॉलमध्ये. हा प्रोटोकॉल मूळचा सायबेस कंपनीचा, कारण मायक्रोसॉफ्टचं हे उत्पादन सायबेसबरोबरच्या भागीदारीतून उभं राहिलं. लिनक्सला तो समजावा म्हणून फ्रीटीडीएस नावाची मुक्त लायब्ररी आहे, आणि तिच्या जोडीला युनिक्सओडीबीसी. पूर्वी पीएचपीत यासाठी थेट फंक्शनं होती, ती २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे मी पीडीओचा, म्हणजे पीएचपीतल्या डेटाबेस-जोडणीच्या सामाईक सोयीचा, मार्ग धरला.

पहिला टप्पा निव्वळ वायरचा. कारखान्यात एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती होती. तिच्यात नेटवर्कवरून जोडणी मुळातच बंद असते, आणि सुरू केली तरी पोर्ट दर वेळी बदलू शकतो. तो १४३३ वर पक्का केला. कारखान्याच्या इंटरनेटला कायमचा पत्ता नव्हता, म्हणून वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा कारखान्याच्या बाजूनं उघडायचा आणि दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवून तो जिवंत ठेवायचा, असं ठरवलं. राउटरवर १४३३ सरळ जगाला उघडून द्यायचा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. मजुरीच्या नोंदी असलेल्या मशीनवर ते करायला मी कधीही तयार होणार नाही.

मालकांची काळजी वेगळी होती. "बाहेरनं कुणी आकडं बदललं तर?" ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. मुख्य लॉगिनचा पासवर्ड मी मागितलाच नाही. वेबसाइटसाठी वेगळं लॉगिन केलं आणि त्याला दोन व्ह्यू वाचण्यापुरतीच परवानगी दिली. नाव, पाळी, डझन, रक्कम, बस्स. खरेदीचे दर किंवा व्यापाऱ्यांची येणी त्या लॉगिनला दिसतच नाहीत.

लिनक्सवरून फ्रीटीडीएसचं तपासणीचं साधन चालवलं, जोडणी झाली. युनिक्सओडीबीसीचं चालवलं, झाली. पीएचपीची फाइल टर्मिनलवरून चालवली, आकडे आले. तीच फाइल ब्राउझरमधून उघडली की मात्र सर्व्हर सापडत नाही असा निरोप. फाइल तीच, पासवर्ड तोच. कारखान्यातले अकाउंट बघणारे काका फोनवर विचारायचे, "सर, आमच्याकडं तर सगळं चालतंय, मग तुमच्याकडंच का बंद?"

उत्तर लिनक्सच्या ऑडिट लॉगमध्ये होतं. टर्मिनलवर प्रोग्रॅम माझ्या नावानं चालतो, ब्राउझरमधून मागितला की वेब सर्व्हरच्या नावानं. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स नावाचा पहारा असतो, आणि वेब सर्व्हरनं स्वतःहून बाहेरच्या डेटाबेसकडे जाणं त्याला मुळात मंजूर नसतं. ते का, हेही समजण्यासारखं आहे: कुणी वेबसाइट फोडली, तरी तिथून पुढच्या मशीनवर उडी मारता येऊ नये. अशा वेळी अनेक जण एसईलिनक्सच बंद करून टाकतात. मला ते चुकीचं वाटतं. डेटाबेसशी जोडणीपुरती परवानगी देणारा एक वेगळा स्विच त्यात आहे. तो कायमचा चालू केला आणि पान उघडलं. पोर्ट १४३३ वर पक्का केल्याचा इथं आणखी एक फायदा झाला. हा स्विच डेटाबेसचे ठरलेले पोर्टच ओळखतो, रोज बदलणारा पोर्ट त्याला कळला नसता.

पान उघडलं, आकडे बरोबर होते, आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं होती.

सोलापूरचा पूर्व भाग पद्मशाली समाजाचा. तेलंगणातून आलेल्या या घरांत तेलुगू बोलतात, आणि कारखान्याच्या वहीत नावं मराठीत लिहितात. त्यांतलं 'गड्डम' पाच प्रश्नचिन्हं होऊन आलं, 'बोल्ली' सहा. मोजल्यावर धीर आला. गड्डममध्ये ग, ड, हलन्त, ड आणि म अशी पाचच चिन्हं साठवलेली असतात. कारखान्यात तेच नाव नीट दिसत होतं, म्हणजे डेटाबेसात ते शाबूत होतं आणि वाटेत कुणीतरी एकेका चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवत होतं. टीडीएसची जुनी ४.२ आवृत्ती वापरली तर युनिकोड मजकूर सर्व्हरच आपल्या जुन्या कोडपेजमध्ये बदलून पाठवतो, आणि त्यात देवनागरी नसते. आवृत्ती ७ च्या पुढची लावली तरी फ्रीटीडीएस आपल्या बाजूला युरोपीय अक्षरसंच गृहीत धरतो. सेटिंगच्या फाइलमध्ये आवृत्ती बदलली, अक्षरसंच यूटीएफ-८ केला आणि नावं आली. माझ्या दृष्टीनं काम त्या क्षणी झालं. आपली मजुरी बघायला आलेल्या माणसाला स्वतःच्या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं दाखवणारं पान मी सुरू केलं नसतं.

इथं एक धोका आहे आणि तो सांगायलाच हवा. वाचताना आलेली प्रश्नचिन्हं सेटिंग बदललं की जातात, लिहिताना गेलेली जात नाहीत. एसक्यूएल सर्व्हरला मराठी मजकूर देताना अवतरणचिन्हाआधी 'एन' अक्षर लावावं लागतं. ते राहिलं तर साधारणपणे रकान्यात खरोखरच प्रश्नचिन्हं साठतात, आणि मूळ नाव परत कुठूनही मिळत नाही. नाव दुरुस्त करण्यापुरता, वेगळ्या लॉगिनवरचा एक फॉर्मही केला होता; तो आम्ही आधी डेटाबेसच्या प्रतीवर चालवून पाहिला. पीएचपी ७.२ पासून पीडीओला हे 'एन' लावायला सांगण्याची सोय आहे, ती वापरली.

वीज गेली की कारखान्याचं मशीन बंद पडतं, आणि वेब पान उत्तराची वाट बघत अडकून राहतं. म्हणून थेट जोडणी पानातून काढली. लिनक्सवर ठरावीक वेळानं एक स्क्रिप्ट चालते, आकडे त्याच सर्व्हरवरच्या मारियाडीबी डेटाबेसात आणून ठेवते, आणि पानावर शेवटची नोंद कधीची तेही लिहिते. जोडणी जमली नाही तर काही सेकंदांत सोडून देते. आता संध्याकाळची पाळी सुटली की सर्व्हरच्या लॉगमध्ये मोबाइलवरून येणाऱ्यांची रीघ दिसते.

राहिल्या आहेत त्या जुन्या नोंदी. त्या युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या, म्हणजे डेटाबेसात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी. ड्रायव्हरचं कुठलंही सेटिंग त्यांना वाचवू शकत नाही. कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं जोडाक्षर, याचा तक्ता काका जुन्या छापील हजेरीपटांवरून मला करून देताहेत. तेलुगू नावांतली जोडाक्षरं त्यात सगळ्यात जास्त वेळ घेताहेत.