भिलार : निवांत बसून पाहावयाचे गाव

थंड हवेच्या ठिकाणी सहकुटुंब गेलेल्या आजी-आजोबांचा दिवस कसा जातो, हे आपण पाहिले असेल. मुले-नातवंडे कडे पाहावयास उतरतात आणि गुडघ्यांनी असहकार पुकारलेली वडीलधारी माणसे गाडीत बसून त्यांची वाट पाहतात. सायंकाळपर्यंत मुलांची पाच-सहा ठिकाणे पाहून होतात. वडिलधाऱ्यांच्या वाट्याला मात्र पाच-सहा वाहनतळ येतात. म्हणूनच उतारवयात प्रवास करावा की नाही, यापेक्षा कोणत्या गावी जावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सातारा जिल्ह्यातील भिलार हे त्याचे एक समाधानकारक उत्तर आहे.

वाई सोडून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. तेथून महाबळेश्वरच्या दिशेने सुमारे ८ किलोमीटरवर हे गाव आहे. देशातील स्ट्रॉबेरीचे सर्वाधिक उत्पादन याच टापूत होते आणि भिलारचीही जुनी ओळख तीच. ४ मे २०१७ रोजी तिला दुसरी ओळख लाभली. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाने येथे ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. आरंभी २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली. त्यासाठी वेगळे ग्रंथालय बांधले नाही; गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या, पडव्या आणि निवासस्थाने वाचकांसाठी खुली केली. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, पुढे इतिहास, चरित्रे, बालसाहित्य, संतसाहित्य अशी विभागणी आहे. कोणत्या घरी काय आहे, हे दर्शनी भिंतीवरील चित्रे आणि फलक सांगतात. आपण आत जावे, हवे ते पुस्तक काढून घ्यावे आणि मनसोक्त वाचत बसावे. त्यासाठी शुल्क नाही.

एका परदेशी गावाची प्रेरणा

या कल्पनेचे मूळ ब्रिटनमधील वेल्सच्या सीमेवर वसलेल्या हे-ऑन-वाय या चिमुकल्या गावात आहे. १९६२ च्या अखेरीस तेथील रेल्वेची प्रवासी वाहतूक बंद झाली. त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने गावात जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. पाहता पाहता चित्रपटगृहासारख्या वास्तूतही पुस्तके आली. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी गाव स्वतंत्र झाल्याचे गमतीने घोषित करून स्वतःला ‘राजा’ म्हणवून घेतले आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. १९८८ पासून तेथे साहित्य महोत्सव भरू लागला. जेथे आगगाडी थांबेनाशी झाली, तेथे वाचक थांबू लागले.

भिलारची परिस्थिती निराळी आहे. हे गाव ओस पडलेले नव्हते. स्ट्रॉबेरीने त्याला सुबत्ता दिली होती. परंतु हे पीक हंगामी असते. पावसाळ्यानंतर लागवड होते आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फळ मिळते. अवकाळी पाऊस वा धुके आले की तोही हिशेब विस्कटतो. शिवाय पाचगणी आणि महाबळेश्वर ही दोन नामांकित ठिकाणे दोन्ही बाजूंना असल्याने पर्यटकांची वाहने गाव ओलांडून पुढे निघून जाण्याचाच संभव अधिक. पुस्तकांमुळे येथे थांबण्यास एक कारण निर्माण झाले.

येथेच आपला संबंध येतो. वाचन विनामूल्य असल्यामुळे नुसत्या पुस्तकाने यजमानाची चूल पेटत नाही. त्याला मिळकत होते ती मुक्कामातून, जेवणातून आणि शेतमालाच्या विक्रीतून. भिंतींची छायाचित्रे काढून पंधरा मिनिटांत निघून जाणारा पाहुणा गावाला गर्दी देतो, उत्पन्न देत नाही. उलट, दोन रात्री राहणारा, घरचे पिठले-भाकरी मागून घेणारा, दुपारी वामकुक्षी करून पुन्हा तेच पुस्तक उघडणारा ज्येष्ठ वाचक हाच या गावाचा खरा आधार होऊ शकतो. इतरत्र ज्या संथपणाची आपल्याला खंत वाटते, तोच येथे यजमानाच्या उपयोगी पडतो.

सोबत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

• पाऊस सरल्यानंतरचे दिवस प्रवासास सोयीचे. पावसाळ्यात येथे वृष्टी मुसळधार असते, वाटा निसरड्या होतात. मे महिन्यात व सलग सुट्ट्यांत गर्दी असते.
• डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो. दमा, संधिवात किंवा हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे.
• घाटात मळमळ होत असेल, तर हलका आहार घेऊन निघावे आणि पुढच्या आसनावर बसवावे.
• ही राहती घरे आहेत. सर्वत्र उतरंडी वा कठडे असतीलच असे नाही. खोली तळमजल्यावर आहे का, शौचालय कमोडचे आहे का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. काठी, न घसरणारी पादत्राणे आणि बॅटरी सोबत असावी.
• वाचनाचा चष्मा, नेहमीची औषधे आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवावा.
• मधुमेहींनी ताजी स्ट्रॉबेरी बेताने खाण्यास सहसा हरकत नसते. जॅम, सरबत आणि क्रीममधील साखर मात्र टाळावी.
• एका दिवशी दोनच घरे पाहावीत. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून अंगणात चार पावले टाकावीत. एकाच जागी बसून सांधे आखडतात.

डोळे साथ देत नसतील, तर नातवंडाने वाचून दाखवावे. पुस्तक कोणते घ्यावे, हे मात्र आजी-आजोबांना ठरवू द्यावे.