आधी नीट सांगायला शिकू द्या



"बाई, पोराला कॉम्प्युटर कितवीपासून शिकवायचा?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारी आई चार घरची धुणीभांडी करून आलेली असते, बाप बिगारी कामावरून. पोटाला चिमटा काढून फी भरायची दोघांचीही तयारी असते. म्हणून या प्रश्नाला वरवरचे उत्तर देणे बरे नव्हे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर रविवारी वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये दुसरी ते चौथीच्या वीस-बावीस मुलांचा संगणक वर्ग घेते. संगणक एकच, तोही जुना. पहिले दोन महिने मी तो झाकूनच ठेवते. मुले हिरमुसतात, पालक कुजबुजतात. पण एस.टी.त रोज बसणाऱ्याला जशी एस.टी. चालवता येत नाही, तसा मोबाईलवर बोट फिरवणाऱ्याला संगणक येत नाही. संगणक स्वतःच्या मनाने काही करत नाही. सांगितले तेवढेच करतो. तेव्हा आधी शिकायचे ते नीट सांगायला.

एकदा मी मुलांना म्हणाले, "मी यंत्र आहे. मला हंडा भरायला सांगा." एक मुलगा म्हणाला, "हंडा नळाखाली ठेवा, नळ सोडा, हंडा उचला." मी तसेच केल्याची नक्कल केली. रिकामाच हंडा उचलला, नळ वाहता! सगळी हसली. तेव्हा मागे बसलेली तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हंडा भरेपर्यंत थांबा, मग नळ बंद करा, मग उचला." ती रोज सकाळी पाणी भरते. 'अमुक होईपर्यंत हे करत राहा' ही प्रोग्राममधली अत्यंत महत्त्वाची सूचना तिने नळावरच शिकून ठेवली होती.

दुसरा खेळ कासवाचा. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यातले कासव सूचनेप्रमाणे चालते आणि रेघ ओढते. आमच्याकडे एखादे मूलच कासव होते. 'तीन फरश्या पुढे, उजवीकडे वळ' असे चारदा म्हटले की चौकोन पूर्ण होतो.

तिसरा खेळ पुठ्ठ्याच्या पाच पत्त्यांचा. त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढलेले. पत्ता उघडा किंवा पालथा, एवढेच करायचे. ८, ४ आणि १ उघडे ठेवले की झाले १३. अशा रीतीने शून्यापासून ३१ पर्यंत कोणतीही संख्या मांडता येते. संगणकही आतून अशाच 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांवर आकडे ठेवतो. पत्त्यांऐवजी बोटे वापरली, तर एका हातावर ३१ पर्यंत मोजता येते हे कळल्यावर पोरे दिवसभर बोटे उघडत-मिटत हिंडतात.

या सगळ्यात मला मोलाची वाटते ती एक गोष्ट. शाळेत उत्तर चुकले की लाल फुली मिळते आणि मूल मान खाली घालते. इथे कासव भलतीकडे गेले तर कोणी कोणाला 'ढ' म्हणत नाही. कोणती सूचना चुकली ते सगळे मिळून शोधतात, ती दुरुस्त करतात आणि कासव पुन्हा चालवतात. पहिल्या दिवशी तोंड न उघडणारी मुले महिन्याभरात "बाई, थांबा, तिसरी सूचना चुकली" असे ठणकावून सांगतात.

हंडा भरायला सांगणारी ती मुलगी मध्येच यायची बंद झाली. भाऊ मात्र येत होता. मी घरी गेले. वडिलांना सांगितले की १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या अवाढव्य संगणकाचे पहिले प्रोग्राम लिहिणाऱ्या सहाही जणी स्त्रियाच होत्या. ते म्हणाले, "ते अमेरिकेत, बाई. इथं पाणी कोण भरणार?" प्रश्न खोटा नव्हता. मी वर्गाची वेळ आठवरून साडेनऊवर नेली आणि भावालाही दोन हंडे उचलायला सांगा, अशी विनंती केली. आता ती येते. काही रविवार अजूनही चुकतात. संगणकापुढे मी दोघादोघांना बसवते आणि दर दहा मिनिटांनी माऊस दुसऱ्याच्या हाती देते. नाही तर तो मुलांच्याच हाती राहतो.

आता फीबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचवले आहेत. तेव्हा पहिली-दुसरीतच मूल मागे पडेल, या भीतीने कर्ज काढून क्लास लावू नका. एम.आय.टी. या संस्थेने २००७ साली आणलेला 'स्क्रॅच' हा मुलांचा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात ठोकळे जोडावेत तशा सूचना जोडून मुले चित्रे हलवतात. जिथे संगणक मिळेल तिथे तो वापरता येतो.

आणि संगणक नसला तरी आज रात्री हे करून पाहा. १ ते १०० मधला एक आकडा मनात धरा. मुलाने फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. "पन्नासपेक्षा मोठा का?" अशी दर वेळी उरलेल्यांची निम्मी वाटणी केली, तर फार तर सात प्रश्नांत आकडा सापडतो. तो सातात कसा सापडला, हे मुलाला तुम्हाला समजावून सांगू द्या. मुलीलाही.