चांचेसच्या गावात

बेल्जियम देशात म्यूझ नदीच्या काठी लिएज नावाचे एक जुने शहर आहे. एके काळी कोळसा आणि पोलाद यांसाठी ते युरोपभर प्रसिद्ध होते. तेथील विद्यापीठ १८१७ साली स्थापन झाले, आणि १९४१ साली, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, त्या विद्यापीठाची नाट्यसंस्था उभी राहिली. ही संस्था देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना आपापली नाटके घेऊन या शहरात बोलावते. विद्यापीठीय रंगभूमीची जागतिक संघटना १९९४ साली स्थापन झाली तीही येथेच. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाला या महोत्सवाचे आमंत्रण आले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, नऊ विद्यार्थी, एक ढोलकी आणि चकल्यांचे दोन डबे घेऊन मी तेथे जाऊन पोहोचलो.

महोत्सवाला जोडून एक परिषदही होती. तीत मला निबंध वाचावयाचा होता. मी मराठीचा शिक्षक; तेव्हा विषयही स्वभावाला धरूनच निवडला होता : नाट्यशिक्षणात शुद्ध उच्चारांचे स्थान.

आमचे नाटक दुष्काळावरचे होते. त्यात ‘पाणी’ हा शब्द वीस-बावीस वेळा तरी येत असे. आमच्या संघात बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला एक मुलगा होता. त्याचा आवाज असा, की पडद्याआडून बोलला तरी शेवटच्या रांगेला स्पष्ट ऐकू जावा. पण ‘ण’ काही त्याच्या तोंडी बसेना. तो ‘पानी’ म्हणे, ‘कोन’ म्हणे. डोळ्याचा ‘डोया’ करी. महिनाभर मी त्याला घोकवून पाहिले आणि शेवटी त्याच्या हाती ढोलकी दिली. ढोलकी तो फार सुरेख वाजवी. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे दुःखही नाही, असे मी सोयीस्करपणे धरून चाललो.

पहिल्या दोन दिवसांत मी पाच नाटके पाहिली. त्यांतील एकाचीही भाषा मला येत नव्हती. प्रथम मी छापील सारांश मांडीवर घेऊन अंधारात चाचपडत बसे. मग तो नाद सोडला. शब्द कळेनासे झाले की माणूस आवाजाकडे, श्वासाकडे, थांबण्याकडे लक्ष देऊ लागतो. एक मुलगी कोणाला तरी पत्र वाचून दाखवीत होती. तिचा आवाज एका ठिकाणी किंचित खाली आला, आणि पत्रातील बातमी काय असावी हे आम्हां सर्वांना एकदमच कळले.

रोज सकाळी विद्यार्थ्यांसाठी वर्ग भरत. अशाच एका वर्गात बाईंनी सांगितले, की प्रत्येकाने आपल्या घरची एक सकाळ आपल्याच भाषेत सांगावी. आमच्या मुलांनी सफाईदार मराठीत काहीबाही सांगितले. मग ढोलकीवाला उठला. उन्हाळ्यात त्याची आजी पहाटेच विहिरीवर जाई. तळाशी उतरे, खडकातून पाझरणारे पाणी वाटीत धरी, आणि घागर भरेपर्यंत तेथेच बसून राही. एवढेच त्याने सांगितले, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. सांगताना तो मधूनमधून थांबे, वाटी भरण्याची वाट पाहत असल्यासारखा. समोर बसलेल्या एका परदेशी मुलीने न कळत दोन्ही हातांची ओंजळ केली. दुपारी भोजनगृहात पाहतो तो चार खंडांतली मुले एकमेकांकडे ‘पानी, पानी’ म्हणून पाणी मागत होती. शुद्ध ‘पाणी’ मागणारा तेथे मी एकटाच!

त्याच दिवशी संध्याकाळी आम्हांला नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत बाहुल्यांचा खेळ पाहावयास नेले. या लाकडी बाहुल्यांचे सारे वजन डोक्यात बसविलेल्या एकाच लोखंडी सळईवर तोललेले असते. त्यांची उंची मानाप्रमाणे ठरते, ही मोठी गमतीची गोष्ट. सम्राट शार्लमेन सर्वांत थोराड. सरदार त्याहून लहान. शिपाई तर अगदीच चिमुकले. आणि या सर्व दरबारी मंडळींत बिनदिक्कत वावरतो तो चांचेस. निळा सदरा, गळ्यात लाल रुमाल, भले मोठे तांबडे नाक. प्रसंगी शत्रूला डोक्याने ढुशी मारावयासही तो कमी करीत नाही. दरबार फ्रेंच बोलतो. चांचेसच्या तोंडी मात्र तेथील वालून बोलीचा ठसका. मला आपल्या वगातील सोंगाड्याची आठवण झाली. तोही राजासमोर गावची भाषा बोलतो, आणि खरे बोलावयाचे असले की वगाला त्याच्याकडेच जावे लागते. या चांचेसचा पुतळा लिएजकरांनी १९३६ साली त्याच वस्तीत उभारला आहे.

दुसऱ्या दिवशी मी निबंध वाचला. रात्रभर तो मला टोचत होता, पण वेळेवर दुसरा कोठून आणणार? वाचून झाल्यावर त्याच शहरातील एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. लहानपणी शाळेत वालून बोलल्याबद्दल आपल्याला शिक्षा होत असे, असे त्यांनी सांगितले. १९९० साली त्या भाषेला कायद्याने मान्यता मिळाली. “आता मान्यता आहे,” ते हसून म्हणाले, “पण माझ्या नातवंडांशी मी फ्रेंचच बोलतो.” त्यांनी माझ्यावर टीका केली नाही. केली असती तर बरे वाटले असते.

नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, हे मी आजही म्हणेन. परंतु स्पष्ट आणि शुद्ध या दोन गोष्टी मी इतकी वर्षे एकच समजत आलो होतो.

त्या रात्री मी त्या मुलाला बोलावले आणि म्हणालो, “उद्याच्या प्रयोगात शेवटचे भाषण तू म्हण. तुला सगळे पाठ आहे.”

तो बराच वेळ खाली पाहत उभा राहिला. मग म्हणाला, “सर, इथं कोणाला कळत नाही म्हणून देता का? मग नको. घरी गेल्यावर द्या.”

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आमचा प्रयोग चांगला झाला. त्याने ढोलकी वाजविली.

परत आल्यावर स्नेहसंमेलनात आम्ही तेच नाटक पुन्हा केले, आणि म्हाताऱ्या शेतकऱ्याची भूमिका त्याला दिली. सभागृह भरले होते. ‘पानी’ हा शब्द प्रथम आला तेव्हा मागच्या रांगांतून कोणीतरी हसले. हसणारा बहुधा माझ्याच वर्गातला असावा. तो रंगमंचावर थांबला. हसू पुरते विरेपर्यंत, वाटी भरण्याची वाट पाहावी तसा, थांबला. मग तोच शब्द त्याने पुन्हा, जराही आवाज न चढविता, उच्चारला आणि पुढचे वाक्य घेतले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मागे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.