खापराची जागा

खापर हा शब्द आपल्या बोलण्यात बहुधा दोष देतानाच येतो. फुटलेल्या मडक्याला घरात मान नाही. त्याची वाट उकिरड्याकडे. परंतु अशाच तुकड्यांवरून विद्वान माणसे हजारो वर्षांपूर्वीचा संसार पुन्हा उभा करतात.

नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीचा एक मुलगा आजीबरोबर प्रकाशे येथे गेला होता. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे पुरातन क्षेत्र. स्नान करून परतताना पावसाने खचलेल्या दरडीत त्याला एक तांबडे खापर दिसले. त्यावर काळ्या रंगाच्या बारीक, तिरप्या रेघा होत्या. त्याने ते उकरून खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीने गुरुजींपुढे ठेवले.

गुरुजींनी ते नखाने वाजवले. खणखणीत नाद उमटला. ते म्हणाले, "बाळ, उत्तम मळलेली माती, कुंभाराचे चाक आणि भट्टीची कडक आच यांवाचून असा नाद येत नाही. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले. तेथे अशी भांडी मिळाली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. ती तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. १९५४-५५ मध्ये थापर यांना ती प्रकाशे येथेही सापडली."

मुलगा हरखून गेला. तोच गुरुजींनी विचारले, "हे कोणत्या थरात होते? याच्या वर काय होते? शेजारी राख होती, की हाड?"

मुलाला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "जमिनीचा खालचा थर जुना, वरचा नवा. प्रकाशे येथे तळाच्या थरांत रंगीत भांडी आणि दगडाची बारीक पाती होती; लोखंड आले ते वरच्या थरांत. हा क्रम जागेवरूनच कळला. नेवासे आणि इनामगाव येथे घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली मोठी मडकी निघाली. आत तान्ह्या मुलांची हाडे होती. कोणी ती मडकी सुटी उचलून नेली असती, तर ती नुसती मडकी ठरली असती. आपले मूल घराबाहेर न पाठवणाऱ्या आईबापांची माया कोणालाच कळली नसती."

मुलाचे डोळे भरून आले. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मी हे परत ठेवून येऊ?"

"खापर परत ठेवता येईल, बाळ, मोडलेला थर परत येणार नाही. पण तुला आठवते तेवढे तरी लिहून काढ. ते खापराबरोबर पुरातत्त्व खात्याकडे पाठवू."

मुलाने आठवून आठवून लिहिले: दरड कोणत्या काठाची, खापर पाण्यापासून किती उंच, माती कोणत्या रंगाची. अर्धे पानही भरले नाही.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आजीबरोबर संगमावर गेला. दरडीतून एका रंगीत मडक्याचा काठ डोकावत होता. त्याचा हात नकळत पुढे झाला, पण त्याने तो आवरला. मग खिशातून वही काढली आणि तो तेथेच लिहीत बसला.