चाकणची आतली भिंत

किल्ला पाहण्याचा बेत ठरला की घरातील ज्येष्ठांची नावे आपण न विचारताच वगळतो. गुडघे, दम, पायऱ्या ही कारणे खरीही असतात. परंतु सगळेच किल्ले डोंगरमाथ्यावर नाहीत. पुण्याहून नाशिककडे निघाल्यावर सुमारे ३० किलोमीटरवर चाकण लागते. कारखाने, कांद्या-बटाट्याचा बाजार आणि वाहनांची न संपणारी रांग ही या गावाची आजची ओळख. याच गजबजाटात संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. गेल्या हिवाळ्यात मी आईला तेथे घेऊन गेलो. तिचे वय ७८; खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन चालते.

आत शिरल्यावर प्रथमदर्शनी थोडी निराशाच होते. तटाचे काही भाग, काही बुरूज, विष्णूचे देऊळ, एकेकाळच्या खंदकाच्या खुणा. बाकी सारे काळाने आणि वस्तीने गिळले आहे. एवढ्याशा जागेने मोगल फौजेला पावसाळाभर अडवून धरले होते, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही.

सन १६६० च्या उन्हाळ्यात औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. २१ जूनला त्याने चाकणला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्याजवळ जेमतेम तीन-साडेतीनशे माणसे. समोर हजारोंची फौज आणि तोफखाना. शिवाजी महाराज त्या वेळी दूर पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. जुलैच्या मध्यात ते विशाळगडाला पोहोचले, तरी चाकणला कुमक येऊ शकली नाही. जे करायचे ते आत असलेल्यांनाच करायचे होते.

भर पावसात मोर्चे बांधून, तोफा डागूनही तट ढासळेना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणण्यास प्रारंभ केला. वेढ्याला ५० हून अधिक दिवस झाल्यावर, १४ ऑगस्टला, सुरुंग उडाला आणि बुरूज माणसांसह आकाशात फेकला गेला. खिंडारातून मोगल आत घुसू लागले आणि थबकले. पडलेल्या बुरुजाच्या मागे मातीचा दुसरा उंच बांध तयार होता! त्याच्या आडून मराठ्यांनी बाण, गोळ्या आणि दगडांचा वर्षाव केला. मोगलांना ती रात्र उघड्यावर, जागच्या जागी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मात्र संख्येपुढे किल्ल्याचे चालेना. उरलेले लोक बालेकिल्ल्यात सरले आणि बुंदीच्या राव भावसिंह हाडांच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला. मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले होते. खानाने फिरंगोजींना आपल्या चाकरीत येण्याविषयी विचारले. ते नकार देऊन महाराजांकडे परतले, आणि महाराजांनी त्यांचा गौरवच केला. किल्ला गेला म्हणून त्यांना कोणी हरलेला माणूस म्हटले नाही.

त्या मातीच्या बांधाचा आज मागमूसही नाही. तरी मी सर्वाधिक वेळ त्याचाच विचार करीत होतो. त्याचे कारण घरचे आहे.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा आईने त्यांची शुश्रूषा एकटीने अंगावर घेतली. चार वर्षे स्नान, भरवणे, रात्री दोनदा कूस बदलणे, सारे तिनेच केले. मी डॉक्टर. वडिलांचा रक्तदाब दर आठवड्याला तपासत होतो. आईचा तपासल्याचे मला आठवत नाही. ‘आई खंबीर आहे’ असे मी सर्वांना अभिमानाने सांगत असे. एके पहाटे ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुबा मोडला. त्या दिवशी आमच्या घराचा एकुलता एक बुरूज ढासळला आणि त्याच्या मागे काहीच नव्हते. औषधे कोणती, केव्हा द्यायची, हे तिच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. मलासुद्धा पाकिटे चाळावी लागली. नंतर वडिलांसाठी सेवक ठेवला. शेवटचे सात महिने त्याने सांभाळले. आईच्या मनाला मात्र टोचणी लागून राहिली, की अखेरीस आपण त्यांना परक्या हाती सोपवले.

देवळाजवळ बसून मी तिला वेढ्याची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “तो आतला बांध त्यांनी केव्हा बांधला असेल रे?” मी म्हणालो, “बुरूज उभा होता तेव्हाच.” ती म्हणाली, “मग आपण का नाही बांधला?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तिने ‘मी’ न म्हणता ‘आपण’ म्हटले, एवढाच मला त्यातला दिलासा.

म्हणून, वाचकहो, आपल्या घरात कोणी दीर्घ आजाराला तोंड देत असेल, तर पहिला बुरूज उभा असतानाच हा बांध घाला. औषधांची नावे, मात्रा आणि वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. शुश्रूषेची सर्व कामे आणखी एका माणसाला शिकवून ठेवा. शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्यातून निदान एक अर्धा दिवस पूर्ण मोकळा द्या, आणि त्याची झोप, रक्तदाब, साखर यांचीही चौकशी करा. न्हाणीघरात धरायला दांडा आणि न घसरणारी चटई बसवा. आजारी माणसाला काय हवे, काय नको, हे त्याला सांगता येते तोवर विचारून घ्या. आणि मदतनीस ठेवण्याची वेळ आली तर ती शरणागती समजू नका.

चाकणला जायचे असेल तर पावसाळा टाळा. चिखलात पाय घसरतो. सकाळी लवकर निघा, म्हणजे वाहतुकीचा त्रास कमी होईल. पकड असलेली पादत्राणे, काठी, पाणी, नेहमीची औषधे आणि मधुमेह असल्यास थोडे खाणे बरोबर असू द्या. बुरुजांवर चढू नका. खालूनही पुष्कळ दिसते. एक तास पुरे होतो.

परतताना आईने गाडीत वॉकर स्वतःच घडी करून ठेवला. घरी पोहोचताच म्हणाली, “आधी तुझा रक्तदाब बघ. तूही आता पन्नाशी ओलांडलीस.” मी पाहिला. वाढलेला होता.