पत्र्यावरचे दगड

१० जुलै २०२४. सकाळचे सात वाजून गेले होते. ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि आमच्या वस्तीतले पत्रे खडखडले. केंद्र आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. मार्चमध्येही एवढाच धक्का बसला होता. तेव्हा प्रशासनाने आवाहन केलं होतं की पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर होता आणि दगड सगळ्यांच्या पत्र्यावर. काढले तर वाऱ्यात पत्रे उडतात. हूक मारून बसवायचे तर खाली लोखंडी अँगल लागतात. तेवढे पैसे कुणाकडे आहेत?

त्या सकाळी पळताना शेजारच्या म्हातारीला उचलायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. ती दारातच बसून राहिली. कार्यकर्ता म्हणवतो मी, पण माणूस कसा उचलायचा ते मला येत नव्हतं. हे अजून सलतं.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ ची. आधी ३० पूरप्रवण जिल्हे, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट. बारा दिवसांचं प्रशिक्षण, ओळखपत्र, साहित्याचा संच, विमा. पगार नाही.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पुन्हा फुकट राबायचं?"

प्रश्न खोटा नाही. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळणं आपल्याच माथी होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच गुलामीविरुद्ध. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे, पण राबणं तेच.

तरीही मित्रांनो, वेठबिगाराला फक्त हुकूम मिळतो. प्रशिक्षण घेतलेला माणूस मदतीच्या जागी हजर असतो. बोट आधी कुठल्या गल्लीत जाणार, पंचनामा कुठवर येणार, हे ठरतं तेव्हा तिथे आपलं कुणी नसेल तर गावकुसाबाहेरची वस्ती शेवटी आठवते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना मदत छावण्यांतही वेगळं काढलं गेलं. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ ने मदत देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई केली आहे. हे कलम एकाही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आबांनी ऐकून घेतलं. पत्र्याकडे बघत म्हणाले, "दे नाव. पण अँगलचे पैसे बी मागा त्यांला."

जयभीम.